पूर ओसरल्यावर बिल कुणाच्या नावावर? केंद्र, राज्य आणि आमच्या गावची मोटर

जॅकवेल_मेंबर | रविवार, रात्री ९:१२
राम राम मंडळी. बरेच दिवस नुसता वाचनमात्र होतो, आज पोटात दुखतंय म्हणून लिहितोय.

आमचं गाव पलूस तालुक्यात, अगदी नदीला लागून. मागच्या टर्मला मी ग्रामपंचायतीत मेंबर होतो. २०२१ च्या जुलैत पाणी आलं तेव्हा नळपाणी योजनेच्या जॅकवेलमधल्या (नदीकाठची पाणी उपसायची विहीर) दोन मोटरी, स्टार्टर, पॅनेल बोर्ड, सगळं बुडालं. पाणी उतरलं तर मोटरीवर गुडघाभर गाळ आणि त्यात एक मेलेली धामण. सगळीकडं पाणीच पाणी आणि गावाला प्यायला थेंब नाही. टँकर किती दिवस पुरवणार? म्हणून आम्ही मिरजेच्या एका रिवाइंडिंगवाल्याला रात्री साडेदहाला उठवलं, मोटरी ट्रॉलीत घालून नेल्या, पॅनेल नवीन घेतलं. सगळं मिळून ३ लाख ४० हजार. पंचायतीच्या खात्यावर तेव्हा होते किती म्हणाल तर सांगायला लाज वाटते.

त्यातले दीड लाख सरकारच्या आपत्ती निधीतनं आले, चौदा महिन्यांनी. उरलेले काही १५ व्या वित्त आयोगातनं घातले, काही गावानं वर्गणी काढली. आता हे सगळं आठवायचं कारण म्हणजे लेखापरीक्षणात त्याच खर्चावर आक्षेप निघालाय आणि तेव्हाच्या सगळ्या बॉडीला खुलासा मागितलाय. त्याचं मी बघतो. पण माझा मूळ प्रश्न वेगळा आहे. टीव्हीवर पॅकेज जाहीर होतं, एवढे हजार कोटी, तेवढे हजार कोटी. २०२५ ला मराठवाड्यासह राज्यातल्या पुरासाठी ३१,६२८ कोटींचं झालं. यात केंद्राचे किती, राज्याचे किती, हे ठरवतं कोण? आणि आमच्या मोटरीच्या ३ लाख ४० हजारात नेमका कुणाचा वाटा किती असायला पाहिजे होता? जाणकारांनी सांगावं.

भडंग_स्पेशल
सोप्पंय. केंद्र हेलिकॉप्टरातनं बघतं, राज्य बोटीतनं बघतं आणि गाव पाण्यातनं बघतं. झाली वाटणी.

आयर्विन४५
खरंय :हाहा: पण धागा चांगला आहे, मीपण बसलोय. चहा सांगा कुणीतरी.

हिशेबनीस_काका | रविवार, रात्री १०:४०
मेंबर, प्रश्न चांगला विचारलात. निवृत्तीआधी माझं आयुष्य सरकारी हिशेबात गेलं त्यामुळं जमेल तसं सांगतो, थोडं लांबेल.

२००५ चा आपत्ती व्यवस्थापन कायदा आहे. त्याखाली प्रत्येक राज्याचा एक निधी असतो, राज्य आपत्ती प्रतिसाद निधी, सगळे एसडीआरएफ म्हणतात तो. यात आपल्यासारख्या राज्यात केंद्र ७५ टक्के आणि राज्य २५ टक्के घालतं. ईशान्येकडची आणि हिमालयातली राज्यं असतील तर ९० आणि १०. हा पैसा पूर आल्यावर ठरत नाही बरं का. पाच वर्षांचा आकडा वित्त आयोग आधीच ठरवून ठेवतो आणि केंद्र आपला वाटा वर्षात दोन हप्त्यांत सोडतं. १५ व्या आयोगानं २०२१ ते २६ साठी देशातल्या सगळ्या राज्यांचे मिळून १,६०,१५३ कोटी ठरवले. त्यातला ८० टक्के हा प्रतिसाद निधी आणि २० टक्के सौम्यीकरणाचा, म्हणजे पूर येऊच नये किंवा आला तरी कमी नुकसान व्हावं म्हणून.

आता गंमत बघा. २०२५ च्या ऑक्टोबरात बातमी आली की केंद्रानं महाराष्ट्राला १,५६६ कोटी ४० लाख दिले. लोकांना वाटलं मदत आली. तो दुसरा हप्ता होता, लवकर सोडलेला. पगार दिवाळीमुळं २५ तारखेला झाला म्हणून पगारवाढ झाली असं कुणी म्हणतं का? दोन हप्ते धरले तर केंद्राचा वर्षाचा वाटा ३,१३३ कोटींच्या आसपास, राज्याचा पाव हिस्सा घातला की ४,१७५ ते ४,१८० कोटी. आणि पॅकेज ३१,६२८ कोटींचं. मधली दरी कुणी भरायची ते तुमचं तुम्ही बघा.

कर्नाळरोड_खिडकी
काका, मी तर आजपर्यंत समजत होते की केंद्रच सगळं देतं आणि राज्य फक्त वाटतं. आमच्या ग्रुपवर तसंच फिरत असतं.

हिशेबनीस_काका
ग्रुपवर फिरतं ते अर्धं अमृत आणि अर्धं गोमूत्र असतं ताई. मुख्य मुद्दा मघाशी राहिला. केंद्राचा दर ठरलेला असतो. २०२२ ते २६ साठी जिरायतीला हेक्टरी ८,५००, बागायतीला १७,०००, बहुवार्षिक पिकाला २२,५००, तेही दोन हेक्टरपर्यंत आणि नुकसान ३३ टक्क्यांच्या वर असेल तर. दुभती गाय-म्हैस गेली तर ३७,५००. सपाटीवरचं पक्कं घर पूर्ण पडलं तर १ लाख २० हजार. माणूस गेला तर वारसांना ४ लाख. या दरात बसेल तेवढंच ७५-२५. त्याच्या वर राज्यानं घोषणा केली की तो सगळा भार राज्याच्या तिजोरीवर. २०२५ ला दोनाऐवजी तीन हेक्टर केलं ना, तो तिसरा हेक्टर राज्याचा. रब्बीसाठी हेक्टरी जादा १० हजार दिले, तेही राज्याचे. २०१९ ला पीककर्ज नसलेल्यांना तिप्पट देऊ म्हणाले, त्यातली केंद्राच्या दरावरची दोन पटही राज्याचीच.

टनामागं_पंधरा | सोमवार, सकाळी ७:०५
राज्याच्या म्हणजे कुणाच्या ओ काका? आमच्याच की. २०२५ चा हंगाम सुरू व्हायच्या आधी मंत्री समितीनं ठरवलं, उसाच्या टनामागं १५ रुपये कापायचे, १० मुख्यमंत्री सहायता निधीला आणि ५ पूरग्रस्तांना. वरनं सांगितलं की हे कारखान्याच्या नफ्यातनं जाणार, शेतकऱ्याच्या बिलातनं नाही. अहो कारखान्याचा नफा काय आभाळातनं पडतो? आमचा ऊस २०१९ ला सात दिवस पाण्याखाली, पोग्यात गाळ गेला, शेंडा कुजला, तोडायलासुद्धा कुणी येईना. आणि ऊस पीकविम्यात बसतच नाही. म्हणजे पूर आला तर विमा नाही आणि दुसरीकडं आला तर कपात आहे. मराठवाड्याला मदत करायला आमची ना नाही, धान्याचं एक पोतं मी स्वतः टेम्पोत टाकलंय. पण ते मी दिलं. कापून नेलेलं म्हणजे दिलेलं नव्हं.

भडंग_स्पेशल
साहेबांचं नाव बघा, जखम ताजी आहे.

हळदीची_पेव
मी इथं जरा वेगळं बोलते. आमचं गणपती पेठेजवळ छोटं दुकान, सासऱ्यांपासनंचं. २००५, २०१९, २०२१, तीनदा बुडलं. भिंतीवर तिन्ही रेघा आहेत, रंग मारताना तेवढी पट्टी आम्ही सोडतो. २०१९ ची रेघ माझ्या डोक्याच्या वर आहे आणि मी काय बुटकी नाही.

लोक विचारतात किती मिळाले. दुकानाला नुकसानीच्या ७५ टक्के किंवा ५० हजार, यातलं जे कमी असेल ते. आमचं जिरं, धणे, गूळ, काजू, फरसाणाचं सामान मिळून गेलं ते या ५० हजारात सहा-सात वेळा बसलं असतं. घराला १० हजार. बरं पैसे कमी याचं दुःख मला एवढं नाही झालं जेवढं पंचनाम्याच्या वेळी झालं. "भांडी वाहून गेली का?" म्हणून विचारलं. म्हटलं वाहून नाही गेली, ही काय चिखलात रुतलीत. तर तो मुलगा बिचारा लिहायचं थांबला, म्हणाला ताई "वाहून गेली" असं लिहू का? सगळी भांडी अंगणात ओळीनं मांडून मी नारळाच्या शेंड्यांनी घासत बसलेले आणि कागदावर ती वाहून गेलेली. हसावं का रडावं तेच कळंना.

आणि हरिपूरच्या पेवांचं कुणी नावच काढत नाही. जमिनीखाली खणलेली हळद साठवायची पेवं, वर्षानुवर्षं हळदीला कीड लागत नसे त्यात. २००५ च्या पुरात पाणी शिरलं आणि ती कायमची गेली. त्याचा वाटा ७५-२५ मध्ये कुठं धरायचा?

कर्नाळरोड_खिडकी
अगदी अगदी. २०१९ ला तो दोन दिवस घर पाण्यात असेल तरच १० किलो गहू नि १० किलो तांदूळ असा जीआर निघालेला आठवतोय का? आमच्या गल्लीत म्हातारे आजोबा घड्याळ बघायचे, अजून सहा तास थांब गं कृष्णामाई, मग उतर.

निळी_रेषा | सोमवार, दुपारी १:२०
कटू बोलतो, शिव्या द्या चालेल. पाटबंधारेवाल्यांनी नदीला निळी रेषा आखलीय, २५ वर्षांतनं एकदा येणाऱ्या पुराची, आणि लाल रेषा १०० वर्षांतल्या पुराची. निळ्या रेषेच्या आत बांधकाम नकोच असं असताना प्लॉट पाडले, विकले, घेतले. तिथं तीनदा पूर आला नि तीनदा भरपाई दिली, ती विट्याच्या नि जतच्या माणसाच्या कराच्या पैशातनं. एकदा द्या, उठवा, दुसरीकडं जागा द्या आणि बंद करा. केंद्र ७५ देतं म्हणून राज्याला काही वाटत नाही, राज्य देतं म्हणून महापालिकेला काही वाटत नाही, आणि परवानगीवर सही करणारा तर निवृत्त होऊन पुण्यात.

हळदीची_पेव
दुकान १९५८ चं आहे हो दादा. तुमची रेषा आमच्या नंतर आली.

गुंठेवारीग्रस्त
निळी_रेषा, मी त्यातलाच एक. २००३ ला गुंठेवारीत दीड गुंठा घेतला, एजंटानं सांगितलं पाणी कधी येत नाही. पुढच्याच दोन वर्षांत आलं. नगरपालिकेची घरपट्टी भरतो, लाईट आहे, नळ आहे, मत आहे. सगळ्यांनी मिळून वसवलं मला तिथं. आता उठ म्हणताय तर उठतो, पण आज त्या घराला कुणी दोन लाख देईना आणि वर चढावर गुंठा घ्यायचा म्हटलं तर माझ्या तीन पिढ्या जातील. जागा द्यायची असेल तर तो खर्च ७५-२५ मधला आहे का? विचारून सांगा.

निळी_रेषा
दादा, राग तुमच्यावर नाही. रेषा नकाशावर आखून जमिनीवर खांब न लावणाऱ्यांवर आहे. आणि पेव ताई, तुमचं दुकान माझ्या बोलण्यात नव्हतं, शब्द मागे.

पाटणचा_पाऊस
पुनर्वसनाचं मी सांगतो. आम्ही सातारा जिल्ह्यातले, पाटण तालुका. पूर म्हटलं की सगळे सांगली बघतात, पण २०२१ च्या त्याच जुलैत आमच्याकडं डोंगर आला. आंबेघर, मिरगाव, ढोकावळे. पूर उतरतो हो, घर धुऊन राहता येतं. डोंगर आला तर जागाच राहत नाही. वारसांना पैसे लवकर मिळाले, ते नाही म्हणत नाही. पण "घर पूर्ण पडलं" याचा दर घराला आहे, गावाला नाही. गाव हलवायचं म्हटलं की जमीन बघा, ती वनखात्याची निघाली, मग भूवैज्ञानिकांचा दाखला, मग रस्ता, मग पाणी. एकेका सहीला एक पावसाळा. माझ्या मामाकडचे लोक अजून पाऊस लागला की रात्री जागे बसतात.

आयर्विन४५
पाटणकर, वाचून गप्प झालो.

माणदेशी_माणूस | सोमवार, रात्री ८:५५
आम्ही माण-खटावचे. तुमच्याकडं पाणी येतं म्हणून पथक येतं, आमच्याकडं पाणी येत नाही म्हणून पथक येतं. दोन्ही पथकं एकाच धाब्यावर जेवतात. दुष्काळ पण त्याच एसडीआरएफ मधनं बरं का. फरक एवढाच की पूर एका रात्रीत दिसतो, दुष्काळ दिसायला पैसेवारी, म्हणजे पिकाच्या उताऱ्याचा सरकारी अंदाज, निघावी लागते. ते पुराचं पाणी इकडं वळवायचं म्हणतात जागतिक बँकेच्या कर्जातनं, ते आलं की मी धाग्यावर पेढे वाटीन. नातवाला सांगून ठेवतो, पासवर्ड त्याच्याकडं आहे.

भडंग_स्पेशल
दोन पथकं एकाच धाब्यावर :हाहा: :हाहा: अख्खा मसूर आणि रोटी ना?

माणदेशी_माणूस
होय, बिल गावाचं.

टोरांटोत_सांगलीकर
नमस्कार, माझं माहेर विश्रामबाग, सध्या कॅनडात. इकडं कसं चालतं ते थोडं सांगते कारण तुलना करायला बरं. इथं केंद्र आधीपासून निधी भरून ठेवत नाही, खर्च झाल्यावर प्रांताला परत देतं. आणि टक्का एक नाही, पायऱ्या आहेत. प्रांताच्या लोकसंख्येनुसार माणशी ठराविक डॉलरपर्यंतचा खर्च प्रांतानंच सोसायचा. त्याच्यावर गेला की पुढच्या टप्प्याला केंद्र निम्मं, मग पाऊण, आणि फारच मोठी आपत्ती असेल तर वरच्या भागाचे ९० टक्के. अमेरिकेत सार्वजनिक कामांना केंद्र कमीत कमी ७५ टक्के देतं, मोठ्या आपत्तीत अध्यक्ष तो वाढवतो, कतरिना वादळाच्या वेळी बऱ्याच गोष्टी १०० टक्के केल्या. मला इकडची पायऱ्यांची पद्धत बरी वाटते. छोटा पूर ज्याचा त्यानं बघावा, कंबर मोडेल तेव्हा मोठ्यानं हात द्यावा.

टनामागं_पंधरा
ताई, आमच्याकडं कंबर मोडली का नुसती लचकली याचा पंचनामा व्हायला दिवाळी येते.

हिशेबनीस_काका | मंगळवार, सकाळी ६:३०
टोरांटोकर, छान सांगितलंत. आपल्याकडं पायऱ्या नाहीत असं नाही, फक्त उलट्या आहेत. राज्याचा निधी पुरला नाही तर राष्ट्रीय निधीकडं, एनडीआरएफकडं मागायचं. (बोटीतनं येतात ते जवान वेगळे, नाव एकच, त्यामुळं निम्मा देश गोंधळतो.) राज्यानं निवेदन द्यायचं, केंद्रीय पथक येणार, मग समिती बसणार. आणि राज्याच्या निधीत जी शिल्लक असेल तिचा निम्मा भाग वजा करून देणार. १५ व्या आयोगानं यात राज्याचा वाटाही सुचवला: २५० कोटींपर्यंत १० टक्के, ५०० कोटींपर्यंत २० आणि त्यापुढं २५. म्हणजे आपत्ती जेवढी मोठी तेवढा राज्याचा टक्का जास्त. कॅनडात बरोबर याच्या उलट.

मागितलेलं आणि मिळालेलं याचा हिशेब तर काढूच नका. २०१९ ला आपल्या राज्यानं ६,८१३ कोटी मागितले होते, त्यातले ४,७०८ कोटी कोल्हापूर, सांगली, साताऱ्यासाठी. शेजारच्या कर्नाटकानं दुष्काळाला १८ हजार कोटींच्या वर मागितले, शेवटी सुप्रीम कोर्टात गेले तेव्हा साडेतीन हजाराच्या आत-बाहेर सुटले. वायनाडला २०२४ च्या जुलैत दरड कोसळली, तर केंद्रानं ५२९ कोटी ५० लाख दिले ते कर्ज म्हणून. ५० वर्षांचं बिनव्याजी, पण कर्ज. आणि फेब्रुवारीत मंजूर करून मार्चअखेर खर्च करा म्हणाले. ज्यानं सरकारात काम केलंय त्याला मार्चअखेर या शब्दाचा अर्थ समजतो.

अजून एक, दर वेळी "राष्ट्रीय आपत्ती जाहीर करा" म्हणून मोर्चा निघतो. कायद्यात तशी तरतूदच नाही. "गंभीर स्वरूपाची" एवढंच म्हणता येतं.

अलमट्टी_हटाव
हे सगळं ठीक आहे पण मूळ कारण अलमट्टी, कृष्णेवरचं कर्नाटकातलं धरण. त्याची उंची ५१९ मीटरवरनं ५२४ केली की ७५-२५ चा प्रश्नच राहणार नाही, सांगलीच राहणार नाही.

आयर्विन४५
२०१९ च्या पुराचा अभ्यास करणाऱ्या वडनेरे समितीनं अलमट्टीला निर्दोष सोडलं होतं राव.

अलमट्टी_हटाव
समितीच्या घरात पाणी आलं होतं का?

संपादक_कट्टा
अलमट्टीसाठी वेगळा धागा आहे, ४०० च्या वर प्रतिसाद झालेत, तिकडं चला. इथं पक्षांची नावं घेऊन भांडायला लागलात तर धागा कुलूपबंद करीन. मेंबरच्या मोटरीवर या.

सातबारा_मावशी
मी महसूल खात्यातनं निवृत्त. तेव्हा तलाठी म्हणायचे, आता ग्राम महसूल अधिकारी म्हणतात, काम तेच, वाक्य लांब झालं.

वरच्या पेव ताईंच्या "वाहून गेली असं लिहू का" बद्दल सांगते, त्या मुलाला दोष देऊ नका. रकाना तसा असतो. त्यात चिखलात रुतलेली भांडी बसत नाहीत आणि त्याला ती बसवायची असतात. एका तलाठ्याकडं तीन-तीन सजे (म्हणजे तीन तलाठ्यांच्या हद्दी), २०१९ ला मी स्वतः गुडघाभर चिखलातनं दिवसाला चाळीस घरं केलीत, पायाला चिखल्या झाल्या होत्या. लोक काय काय लिहायला लावतात म्हणून सांगू. एका घरात तीन वर्षांपूर्वी विकलेली म्हैस वाहून गेली होती. एका ठिकाणी शेळ्या मोजल्या तर गावातल्या कोंबड्यांपेक्षा जास्त. आणि दुसरीकडं खरंच सगळं गेलेली बाई "आमचं काय एवढं नाय गेलं, त्यांचं बघा" म्हणून शेजारणीकडं बोट दाखवायची.

पैसा अडकतो तो दिल्ली-मुंबईत कमी आणि सातबाऱ्यावर जास्त. सामायिक खातं, पाच भाऊ, एक मुंबईत, तो संमतीपत्रावर सही देत नाही, चौघांचे पैसे पडून. वाट्यानं करणाऱ्याचं तर नावच नाही, घाम त्याचा, गाळ त्याचा, अनुदान मालकाला. आता यादीत विशिष्ट क्रमांक येतो, तो घेऊन सेवा केंद्रावर अंगठा लावायचा. ऊसतोडीनं नि फवारणीनं ज्याचा अंगठा झिजलाय त्याचा ठसाच उमटत नाही.

टनामागं_पंधरा
मावशी लाख बोललात. माझ्या चुलत्याचा अंगठा चार वेळा लावला, शेवटी डोळा लावला.

भडंग_स्पेशल
डोळा तर आम्ही पण लावून बसलोय, पैसे येईनात.

जॅकवेल_मेंबर | मंगळवार, रात्री ९:५०
एवढं येईल असं वाटलं नव्हतं, सगळ्यांचे आभार. काकांनी सांगितलेलं आता डोक्यात बसलं. आता आक्षेपाचं सांगतो कारण त्यात अडकलोय. तीन मुद्दे काढलेत. एक, प्रशासकीय मान्यतेच्या आधी खर्च केला. दोन, एकच काम दोन निधीतनं, म्हणजे दुबार खर्च. तीन, लोकवर्गणीचे ६२ हजार पंचायतीच्या पावतीपुस्तकावर नाहीत.

तिसऱ्याचं खरं सांगू का, वर्गणी देवळात काढली, एका वहीत लिहिली आणि रिवाइंडिंगवाल्याला तिथल्या तिथं रोख दिली. ती वही माझ्याकडं आहे. पहिलंच नाव एका म्हातारीचं, शंभर रुपये, तिच्या घरात तेव्हा अजून चिखल होता. आणि वित्त आयोगाचे जे १ लाख २८ हजार घातले ते बंधित निधीतले, त्यातनं खालच्या आळीचं गटार व्हायचं होतं. ते अजून झालेलं नाही. म्हणजे दीड लाखातले ७५ टक्के केंद्राचे धरले तर १ लाख १२ हजार ५००, राज्याचे ३७ हजार ५००, आणि गावाचे उरलेले १ लाख ९० हजार. काका, माझं गणित बरोबर आहे का?

हिशेबनीस_काका
गणित बरोबर, पण जरा थांबा. वित्त आयोगाचे १ लाख २८ हजार हे पण मूळ केंद्राचेच आहेत. ते गावाच्या हक्काचे म्हणून आलेत, त्यामुळं तुम्ही गावाचे म्हणता आणि दिल्लीवाला त्याचे म्हणेल. दोघंही बरोबर. निखळ गावाचे म्हणाल तर देवळातले ६२ हजार आणि ते न झालेलं गटार.

आता खुलासा. त्या वेळच्या दरात पाणीयोजनेच्या दुरुस्तीला दीड लाखाचीच मर्यादा होती, त्यामुळं उरलेला खर्च दुसऱ्या निधीतनं करणं चूक नाही. बंधित निधी पाणी आणि स्वच्छतेसाठीच असतो, मोटर त्यात बसते. दुबार तेव्हा होतं जेव्हा एकाच बिलावर दोनदा पैसे उचलले. मोजमाप पुस्तकात भाग अ नि भाग ब वेगळे दाखवलेत का बघा. मोटर रिवाइंडिंग एकात, पॅनेल नि केबल दुसऱ्यात, बिलं वेगळी, रकमा एकमेकांवर चढत नाहीत, की झालं. मान्यतेआधीच्या खर्चाला तातडीची बाब म्हणून मासिक सभेचा ठराव लावा, कार्योत्तर मंजुरी घेतली होती ना?

जॅकवेल_मेंबर
ठराव आहे. तारीख पाणी उतरल्यानंतर नवव्या दिवसाची. त्याआधी सभेला बसायला जागाच नव्हती, कार्यालयात चिखल होता. बिलं दोन वेगळी आहेत हे नक्की.

सातबारा_मावशी
चिखलाचे फोटो लावा. तारखेसकट. आणि त्या वहीच्या प्रत्येक पानाची झेरॉक्स काढून तेव्हाच्या सरपंच नि ग्रामसेवकाची सही घ्या, मूळ वही देऊ नका, कुणी कितीही मागितली तरी. एकदा आत गेलेली वही बाहेर येत नाही.

हळदीची_पेव
मेंबर, त्या आजींना सांगा की शंभर रुपये हिशेबात सापडत नाहीत म्हणून चौकशी लागलीय. त्या येऊन परत देतील आणि वर पावती मागतील.

जॅकवेल_मेंबर | गुरुवार, सकाळी ११:१५
अपडेट. फोटो सापडले, पुतण्याच्या जुन्या मोबाईलमध्ये. जॅकवेल, ट्रॉली, मोटरी, सगळं तारखेसकट आहे. एका फोटोत मेलेली धामणसुद्धा आलीय. तो लावू का नको?

सातबारा_मावशी
लावा. पुरावाच आहे.

भडंग_स्पेशल
धामणीचा पंचनामा झाला होता का?